महिलांची क्रॉस-कंट्री स्प्रिंट शर्यत बघायची कशी: क्वालिफिकेशनपासून फोटो फिनिशपर्यंत सगळं सविस्तर

विंटर ऑलिम्पिक आलं की आपल्याकडे बहुतेक लोक फिगर स्केटिंग बघतात, फार तर स्की जंपिंग, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग लागलं की चॅनल बदलतात, कारण लांब शर्यतींत तासभर जंगलातून माणसं जाताना दिसतात आणि नक्की काय चाललंय ते कळत नाही. पण स्प्रिंट वेगळी आहे. एक हीट, म्हणजे एका गटाची शर्यत, साधारण तीन मिनिटांची, त्यात सहाजणी, चढ, उतार, वळणं, धक्काबुक्की, आणि दिवसभरात हे सगळं तीनदा जिंकावं लागतं. महिलांची स्प्रिंट तर मला पुरुषांच्यापेक्षा जास्त आवडते, कारण चढावर फरक उघड दिसतो, कोण ताकदीवर चाललीय आणि कोण फक्त टिकून आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळतं.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायचीय: स्प्रिंट फिनिश लाइनवर संपते पण ठरते बहुतेक वेळा शेवटच्या चढावर, आणि त्या चढावर काय होणार हे सकाळपासून कोणी किती दम खर्च केलाय त्यावर ठरतं. म्हणून फक्त फायनल बघू नका, पूर्ण दिवस बघा. वाचताना एखादी जुनी शर्यत बाजूला लावून ठेवा, मी तर बीजिंग २०२२ ची महिला स्प्रिंट सुचवेन, शिकायला एकदम उत्तम.

आधी हे बघा: क्लासिक आहे की फ्री

शर्यत सुरू व्हायच्या आधी स्टार्ट लिस्टवर टेक्निक लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. क्लासिकमध्ये दोन्ही स्की समांतर, बर्फात कोरलेल्या खाचांतून जायचं. सपाटीवर दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, एकदम मारून पुढे ढकलायचं, त्याला डबल पोलिंग म्हणतात, आणि चढावर एक पाय एक हात अशी डायगोनल चाल. चढ फारच उभा असला तर स्कीची टोकं बाहेर फाकवून पावलं टाकत, जवळजवळ पळतच वर जायचं, ते हेरिंगबोन. फ्रीमध्ये मात्र सगळ्याजणी स्केटिंग करतात, म्हणजे स्की तिरकी टाकून तिच्या कडेने बर्फ मागे ढकलायचा, त्यामुळे वेग जास्त असतो आणि जागाही जास्त लागते, म्हणून पाय एकमेकींत अडकणं वगैरे फ्रीमध्ये जास्त बघायला मिळतं.

ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक स्प्रिंट २००२ ला सॉल्ट लेक सिटीत आली. तेव्हा आणि २००६ ला फ्री होती, मग २०१० क्लासिक, २०१४ फ्री, २०१८ क्लासिक, २०२२ फ्री, आणि २०२६ साठी पुन्हा क्लासिक, असं आलटून पालटून चालतं. त्यामुळे एखादी स्कीअर एका टेक्निकमध्ये राणी असली तरी तिच्या सर्वोत्तम वर्षी नेमकं दुसरं टेक्निक येऊ शकतं, आणि मग चार वर्षं थांबा. म्हणूनच स्वीडनची योना सुंडलिंग मला फार मोठी वाटते. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २०२१ ला ओबर्स्टडॉर्फ आणि २०२३ ला प्लानित्सा, दोन्हीकडे क्लासिक स्प्रिंट जिंकली, २०२५ ला ट्रॉनहाइममध्ये फ्री जिंकली, आणि मध्ये बीजिंग ऑलिम्पिकचं फ्रीमधलं गोल्ड. दोन्ही टेक्निकमध्ये, तेही लागोपाठ.

पोलची लांबी पण बघत जा. क्लासिकमध्ये बूट घालून मोजलेल्या उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब पोल चालत नाही. कारण असं की खेळाडूंच्या खांद्यांत इतकी ताकद आली की लांब पोल घेऊन पूर्ण शर्यत नुसतं डबल पोलिंग करून काढायला लागले, डायगोनल चाल नाहीशी व्हायची वेळ आली. त्याचसाठी काही चढांवर बोर्ड लावून ठरावीक पट्टा आखतात, तिथे डबल पोलिंगला मनाईच. फ्रीमध्ये पोल आणखी लांब, पार स्वतःच्या उंचीएवढा चालतो.

वॅक्सचा भाग, हा सोडू नका

वॅक्स म्हणजे स्कीच्या तळाला लावायचा लेप. कॉमेंटेटर सारखे वॅक्स वॅक्स करतात आणि आपल्याला वाटतं हे कंटाळवाणं असणार, पण थोडं समजून घेतलं की अर्ध्या शर्यतीचं कोडं सुटतं. फ्रीमध्ये फक्त ग्लाइड लागतो, पूर्ण स्की घसरली पाहिजे. क्लासिकमध्ये मात्र स्कीच्या मधल्या भागाला, बुटाखाली, चिकटणारं ग्रिप वॅक्स लावतात. पाय जोरात दाबला की तो भाग बर्फाला टेकतो, पकड मिळते आणि चढता येतं, भार काढला की स्कीची मधली कमान वर उचलली जाते आणि स्की घसरते. आता बर्फाचं तापमान बदललं, ऊन आलं, ताजा बर्फ पडला की हे गणित बिघडतं. पकड जास्त ठेवली तर उतारावर मागे पडाल, कमी ठेवली तर चढावर पाय मागे सटकणार. सकाळी क्वालिफिकेशनला चाललेलं वॅक्स दुपारी फायनलला चालेलच असं नाही, त्यामुळे मधल्या वेळात टेक्निशियन लोकांची जी पळापळ चालते ती बघण्यासारखी असते.

२०२३-२४ च्या सीझनपासून आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनने, म्हणजे एफआयएसने, फ्लोरिन असलेल्या वॅक्सवर बंदी घातलीय आणि स्की मशीनने तपासतात. ते वॅक्स ओल्या बर्फात भन्नाट घसरायचं पण पर्यावरणात वर्षानुवर्षं साचून राहतं, आणि बंद खोलीत ते गरम करून लावणाऱ्या टेक्निशियन लोकांच्या फुफ्फुसांना त्रास. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो.

क्वालिफिकेशन: इथेच निम्मं कळतं

स्प्रिंटचा ट्रॅक १ ते १.८ किलोमीटरच्या मध्ये असतो. क्वालिफिकेशनमध्ये प्रत्येकजण एकटी सुटते, साधारण १५ सेकंदांच्या अंतराने, आणि फक्त घड्याळाशी लढायचं. पहिल्या ३० जणी पुढे, बाकीच्यांचा दिवस संपला. टीव्हीवर बरेचदा हा भाग दाखवतच नाहीत, पण एफआयएसच्या साइटवर लाइव्ह टायमिंग असतं, ते उघडून ठेवा.

इथे तीन गोष्टींची नोंद घ्या. पहिल्या नंबरची किती सेकंदांनी पुढे आहे, कारण अर्ध्या सेकंदाचं अंतर म्हणजे काहीच नाही पण तीन-चार सेकंद म्हणजे आज तिचे पाय आणि स्की दोन्ही चाललेत. दुसरं, मोठं नाव विसाव्या-पंचविसाव्या नंबरवर घसरलंय का. कधी ती मुद्दाम दम राखत असते, पण बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेलं असतं. आणि तिसरं, तिसाव्या आणि एकतिसाव्या नंबरमधलं अंतर, ते अनेकदा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतं आणि तेवढ्यासाठी कोणीतरी घरी जातं.

यानंतरची सगळ्यात कामाची टिप: पुढच्या फेऱ्यांत छातीवरचा बिब नंबर म्हणजेच क्वालिफिकेशनमधला नंबर. १ नंबरचा बिब म्हणजे सकाळची सगळ्यात वेगवान, २७ नंबर म्हणजे कशीबशी आत आलेली. हे कळलं की हीट सुरू व्हायच्या आधीच चित्र डोळ्यांसमोर येतं, आणि २७ नंबरवाली चढावर ३ नंबरवालीला मागे टाकायला लागली तर खुर्चीतून उठावंसं वाटतं. वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे सीझनभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेत, लाल बिब दिसला तर ती स्प्रिंटच्या क्रमवारीत पुढे आहे, पिवळा म्हणजे सगळ्या शर्यती धरून एकूण क्रमवारीत पहिली.

क्वार्टरफायनल आणि लकी लूजरचं गणित

३० जणींच्या पाच हीट, प्रत्येकीत सहा. दर हीटमधून पहिल्या दोघी थेट सेमीफायनलला, म्हणजे दहा झाल्या. उरलेल्या दोन जागा लकी लूजरना, म्हणजे पाचही हीटमधल्या हरलेल्यांपैकी ज्यांची वेळ सगळ्यात चांगली त्या दोघींना. मग बारा जणींच्या दोन सेमीफायनल, तिथेही पहिल्या दोघी आणि पुन्हा दोन लकी लूजर, अशी सहा जणींची फायनल.

यात काय गंमत आहे ते नीट बघा. हीट संथ झाली, सगळ्याजणी एकमेकींकडे बघत कोण आधी निघतंय याची वाट बघत बसल्या, तर तिसरीला लकी लूजरची आशा सोडावी लागते. हीट वेगात झाली तर तिसरी आणि चौथी दोघी एकाच हीटमधून आत येऊ शकतात. म्हणून कागदावर किंवा मोबाइलवर तिसऱ्या आणि चौथ्या नंबरच्या वेळा लिहीत जा. पाचवी हीट सुरू होईपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की आता तिसरी येणारीला किती वेळात यायला हवं, आणि मग तिसऱ्या जागेसाठीची झुंज पहिल्या जागेइतकीच थरारक वाटते. फिनिशच्या पलीकडे खुर्च्यांत बसून दोन हरलेल्या मुली स्क्रीनकडे टक लावून बघतायत, त्या ह्याच.

वर्ल्ड कपमध्ये कोणत्या हीटमध्ये उतरायचं हे खेळाडू स्वतः निवडतात, आणि निवडीतसुद्धा डोकं लागतं. पहिल्या हीटमध्ये गेलं तर सेमीफायनलच्या आधी आराम जास्त मिळतो. पाचव्यात गेलं तर आराम कमी, पण लकी लूजरसाठी कोणती वेळ गाठायचीय ते आधीच माहीत असतं. शिवाय कुठल्या हीटमध्ये कोण येऊन बसलंय तेही बघावं लागतं, दोन स्वीडिश एका हीटमध्ये असतील तर तिसरीने तिथे का जावं?

या फेरीत मोठ्या नावांचा बळी जातो हे लक्षात ठेवा. अमेरिकेची किकन रँडल सलग दोन सीझन वर्ल्ड कपची स्प्रिंट क्रमवारी जिंकून २०१४ ला सोचीला गेली होती, फ्री टेक्निक, तिचंच आवडतं, आणि क्वार्टरफायनललाच बाहेर. त्याच शर्यतीत नॉर्वेची मारित ब्यर्गेन सेमीफायनलमध्ये पडली. गोल्ड गेलं नॉर्वेच्याच माइकन कास्पेर्सन फाल्लाला. चार वर्षांची तयारी आणि तीन मिनिटांत खेळ खल्लास, म्हणून मला हरलेल्या खेळाडूंबद्दल या खेळात जास्तच वाटतं.

एक हीट कशी बघायची, तुकड्या-तुकड्याने

सुरुवातीला सहाही जणी आखलेल्या पट्ट्यांत उभ्या असतात, आणि लेन निवडायचा पहिला मान चांगल्या क्वालिफायरला. पहिल्या वळणाकडे जाताना आतली बाजू कोणाला मिळतेय ते बघा. इथे पुढे असणं गरजेचं नाही, पण चौथ्या-पाचव्या जागी कोंडलं जाणं वाईट, कारण स्केटिंग करताना स्की इतक्या पसरतात की पुढे जायला वाटच उरत नाही.

मग सपाटी आणि उतार. इथे पुढची हवा कापते आणि मागची तिच्या आडोशाने जाते, अगदी सायकल शर्यतीत चालतं तसंच. मागच्या स्कीअरचा दम वाचतो आणि उतारावर तर ती आयताच वेग घेऊन पुढे येते. त्यामुळे उताराच्या माथ्यावर पहिल्या नंबरवर असणं हे दरवेळी चांगलं नसतं. नवीन बघणारे इथेच फसतात, पुढची जिंकणार असं वाटतं आणि उताराच्या शेवटी दोघी सूंकन तिच्या बाजूने निघून जातात. मागच्या स्कीअरच्या स्कीची घसरण खरंच चांगली असेल तर ती पुढच्या बाईच्या पाठीवर आदळू नये म्हणून चक्क उभी राहून, अंग ताठ करून ब्रेक मारते. अशी दिसली की समजा आज तिची स्की रॉकेट आहे.

आणि मग शेवटचा चढ. इथे पापणीही न लववता बघा. माझं साधं निरीक्षण असं की तोंडाकडे बघायचं नाही, चालीकडे बघायचं. जिची चाल लांब आहे, दर ढकलण्यात स्की बराच वेळ घसरतेय, तिच्याकडे अजून शिल्लक आहे. जिची पावलं भराभर आणि आखूड झाली, कंबर मागे पडली, खांदे डोलायला लागले, ती संपली. फ्रीमध्ये चढावर काहीजणी लांब स्केट सोडून छोट्या छोट्या उड्या मारत वर जातात, त्याने झटकन अंतर पडतं पण पायांत आम्ल भरतं, मग माथ्यावर पोचल्यावर त्या वेग पकडतात की ढेपाळतात ते बघायचं. माथा ओलांडल्यावरचे पहिले दहा-बारा स्ट्रोक फार महत्त्वाचे, खूपजणी चढ संपला म्हणून क्षणभर सैल पडतात आणि तिथेच दुसरी निसटते.

२०१८ ला प्यॉंगचांगमध्ये स्वीडनची स्टिना निल्सन अशीच जिंकली. क्लासिक स्प्रिंट, शेवटच्या चढावर तिने जो जोर लावला त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं आणि फाल्ला तिच्या ३.०३ सेकंद मागे राहिली. स्प्रिंट फायनलमध्ये तीन सेकंद म्हणजे प्रचंड अंतर, स्टेडियममध्ये शिरतानाच ती जिंकलेली होती. बीजिंग २०२२ मध्येही तसंच, सुंडलिंगची वेळ ३ मिनिटं ९.६८ सेकंद, दुसरी माया डालक्विस्ट २.८८ सेकंद मागे. पण मी सांगेन की ती फायनल दुसऱ्यांदा लावाल तेव्हा सुंडलिंगला सोडा आणि मागे बघा. डालक्विस्ट आणि अमेरिकेची जेसी डिगिन्स यांच्यात ०.२८ सेकंदांचा फरक होता, आणि डिगिन्सने कडाक्याच्या थंडीत, कोरड्या, संथ कृत्रिम बर्फावर, अक्षरशः शरीर झोकून देऊन तिसरी जागा राखली. क्रॉस-कंट्रीत अमेरिकेच्या महिलेचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल.

चढाचा नियम कुठे मोडतो? जिथे चढानंतर लांब उतार आणि लांब सरळ फिनिश असेल तिथे. तिथे मागून येणारीला संधी असते, आणि नॉर्वेची क्रिस्टिने स्टावोस स्किस्टासारखी जबरदस्त शेवटचा वेग असलेली स्कीअर मागे असली की पुढच्या बाईला धडकी भरते. म्हणून ट्रॅकचा नकाशा आधी बघून ठेवा, शेवटचा चढ ते फिनिश किती अंतर आहे एवढं कळलं तरी पुरे.

पडणं, जुरी आणि फोटो फिनिश

पोल मोडला तर घाबरू नका, ट्रॅकच्या कडेला उभा असलेला टीमचा माणूस नवीन देऊ शकतो, पण तेवढ्यात अंतर जातं. कोणी पडलं की रिप्ले येतो, त्यात बघायचं की कोण कोणाच्या स्कीवर चढलं आणि वाट आधी कोणाची होती. दुसरीला अडवलं असं जुरीला वाटलं तर त्या खेळाडूला त्या हीटमध्ये शेवटच्या जागेवर टाकतात किंवा पिवळं कार्ड देतात. त्यामुळे फिनिशनंतर लगेच जल्लोष करू नका, निकालापुढे क्यू हे अक्षर येईपर्यंत थांबा, क्यू म्हणजे पक्की आत, एलएल म्हणजे लकी लूजर, पीएफ म्हणजे फोटो फिनिश तपासतायत.

फोटो फिनिशला छाती किंवा डोकं नाही, जो बूट आधी पोचला त्याचं टोक मोजतात. म्हणून शेवटच्या मीटरला सगळ्याजणी एक पाय पुढे फेकत जवळजवळ बर्फावर बसतात. हा पाय कधी टाकायचा त्याचंही टायमिंग असतं, लवकर टाकला तर वेग मरतो.

आणि दिवसभराचा दम म्हणजे काय याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे स्लोव्हेनियाची पेत्रा माइदिच. २०१० ला व्हॅन्कुव्हर ऑलिम्पिकमध्ये व्हिस्लरला, क्वालिफिकेशनच्या आधी सराव करताना ती वळणावरून घसरून सुमारे तीन मीटर खोल ओढ्यात दगडांवर पडली. बरगड्या मोडल्या, आणि दिवस पुढे सरकला तसं फुफ्फुसही जखमी झालं. तरी ती क्वालिफिकेशन, क्वार्टर, सेमी आणि फायनल अशी चारही वेळा उतरली आणि ब्राँझ घेतलं, ब्यर्गेन आणि पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकच्या मागे. मेडल घ्यायला तिला आधार देऊन आणावं लागलं. अशा अवस्थेत कोणी खेळावं का हा प्रश्न मला आजही पडतो, डॉक्टरांनी थांबवायला हवं होतं असंच वाटतं, पण ती शर्यत बघून डोळ्यात पाणी आल्याशिवाय राहत नाही.

सेमीफायनल ते फायनल

इथे एकच हिशोब: दुसऱ्या सेमीफायनलमधून आलेल्यांना आराम कमी मिळतो. पहिल्या सेमीत सहज जिंकून शेवटी पोल मारणं सोडून आलेली, आणि दुसऱ्या सेमीत बूट फेकून कशीबशी दुसरी आलेली, या दोघी काही मिनिटांत पुन्हा शेजारी उभ्या राहतात. सेमीफायनलमधल्या लकी लूजर तर बहुतेक वेळा सगळ्यात जास्त पिळून निघालेल्या असतात, कारण वेळ चांगली यायला ती सेमी वेगातच झालेली असते. फायनल सुरू व्हायच्या आधी हे सहा नावांपुढे लिहून काढा आणि मग अंदाज करा, माझ्या मते हा हिशोब बिब नंबरपेक्षा जास्त सांगून जातो.

वेळ, जागा आणि प्रत्यक्ष बघायचं असेल तर

युरोपात बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, म्हणजे तिथे दुपारी बाराला हीट सुरू झाल्या तर आपल्याकडे साडेचार, शनिवार-रविवारच्या चहाच्या वेळेला अगदी बरोबर. क्वालिफिकेशन त्याच्या दोन-अडीच तास आधी असतं, जेवण उरकून बसलात तरी मिळेल.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर एकदा जायलाच हवं. नॉर्वेत द्रामेनला शहराच्या रस्त्यांवर बर्फ टाकून स्प्रिंट घेतात, स्वीडनमध्ये फालुन, फिनलंडमध्ये लाहती. गेलात तर फिनिशच्या कठड्याला चिकटून उभं राहायचा मोह टाळा, तिथे गर्दीत फक्त टोप्या दिसतात. शेवटच्या चढाच्या माथ्याच्या किंचित खाली उभे राहा, जिथून मोठी स्क्रीनही दिसते. तिथे श्वासाचा आवाज ऐकू येतो, पोलचे टोकदार आवाज येतात, आणि कोण संपली ते हाताच्या अंतरावरून दिसतं. बुटात दोन थर मोजे, पायाखाली टाकायला पुठ्ठा किंवा जुनी चटई, कारण तीन तास बर्फावर उभं राहिल्यावर थंडी पायातूनच चढते. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते आणि लाइव्ह टायमिंग नेमकं तेव्हाच हवं असतं.

भारतातही हा खेळ अगदीच परका नाही. गुलमर्गला खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये नॉर्डिक स्कीइंगच्या शर्यती होतात, आणि कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे जिथे बर्फ पडतच नाही तिथली भवानी टी. एन. भारताकडून आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्रीत उतरते. पुढच्या वेळी क्वालिफिकेशनची यादी उघडाल तेव्हा पहिल्या तिसांच्या खाली पण स्क्रोल करा, तिथे बर्फ नसलेल्या देशांतून आलेल्या मुलींच्या वेळा असतात, पहिल्या नंबरपासून कितीतरी मागे, आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षी ते अंतर किती कमी झालं हे नोंदवून ठेवलं तर तीही वेगळीच शर्यत बघायला मिळते.